तांब्याच्या तारेवरून समुद्राचा ताप

१९६० च्या दशकापासून धावत्या जहाजांवरून ‘एक्सबीटी’ नावाचं छोटं उपकरण समुद्रात सोडलं जाऊ लागलं. त्याच्या टोकाशी तापमान टिपणारा थर्मिस्टर असतो. ते बुडत जातं तशी केसासारखी बारीक तांब्याची तार उलगडत जाते आणि तिच्यातून नोंद जहाजावर पोहोचते. तार संपली की तुटते; उपकरण परत येत नाही.

मात्र त्यात खोली मोजण्याची सोय नसते. बुडायला लागलेल्या वेळेवरून ती काढतात. बुडण्याच्या वेगाचा अंदाज जरा चुकला, की एका खोलीचं तापमान दुसऱ्याच खोलीच्या नावावर पडतं. म्हणूनच शास्त्रज्ञांनी या जुन्या नोंदी पुन्हा तपासून दुरुस्त केल्या. समुद्र किती तापला, हे त्या दुरुस्तीशिवाय खात्रीनं सांगता येत नाही.