पावलाच्या मध्यभागाची दुखापत : एम. आर. आय. केव्हा?

छत्तीसगडातील हरेलीचा सण श्रावणी अमावास्येस येतो. तिकडील महिने पौर्णिमान्त असल्यामुळे मराठी पंचांगाप्रमाणे तो दिवस आषाढी अमावास्येचा, म्हणजे दीपपूजेचा असतो. रायपूरच्या आसपासच्या खेड्यांत त्या दिवशी नांगर-कुदळीची पूजा झाली की मुले गेड्यांवर चढतात. दोन उंच बांबू, त्यांना जमिनीपासून काही उंचीवर बांधलेल्या पायऱ्या आणि त्यांवर तोललेली पावले, एवढेच या खेळाचे साहित्य. २०२२ साली त्या राज्यात भरलेल्या छत्तीसगढिया ऑलिंपिक स्पर्धांत गेडीची शर्यतही होती.

गेडी चिखलात घसरली, पाऊल पायरीवर अडकून राहिले आणि देहाचा भार मात्र पुढे झुकला, तर पीळ पडतो तो पावलाच्या मध्यभागावर. घोड्यावरून पडणाऱ्या स्वाराचे पाऊल रिकिबीत अडकते तेव्हाही हेच घडते. झाक लिसफ्रांक (१७९०-१८४७) या फ्रेंच शस्त्रवैद्याचे नाव या सांध्याला मिळाले आहे. गंमत अशी की, या दुखापतीवर त्याने उपचार सांगितला नव्हता. सांध्यातून पावलाचा पुढील भाग कापून काढण्याची रीत त्याने वर्णिली होती. घोडा किंवा गेडी नसली तरी ही दुखापत होऊ शकते. भाताच्या बांधावरून चालताना चवडा खळग्यात रुतून तोल जाणे, मोटारसायकलखाली पाऊल सापडणे, एवढे कारण पुरते.

पावलाची रचना कमानीसारखी आहे. मध्यभागी पाचरीच्या आकाराची लहान हाडे असून त्यांना पुढची पाच लांब हाडे जोडलेली असतात. या पाचांपैकी दुसऱ्या हाडाचे बूड शेजाऱ्यांपेक्षा मागे, एका खाचेत घट्ट बसलेले असते. कमानीच्या माथ्यावरील दगडाप्रमाणे ते इतरांना आवरून धरते. पहिल्या व दुसऱ्या लांब हाडांच्या बुडांना एकत्र बांधणारा अस्थिबंध मात्र निसर्गाने दिलेला नाही. ते काम आतील बाजूच्या पाचरीपासून दुसऱ्या हाडाकडे तिरका जाणारा एक मजबूत बंध करतो. तो तुटला की हाडे शाबूत असूनही कमान ढिली पडते.

अडचण येथेच आहे. क्ष-किरण चित्रात हाड दिसते, बंध दिसत नाही. रुग्ण निजलेला असताना पावलावर भार नसतो, सुटलेली हाडे आपापल्या जागी परततात आणि चित्र निर्दोष येते. मग ‘पाय मुरगळला आहे’ असे म्हणून मालीश आणि शेक सुरू होतो. पुढे कमान खचते, सांध्यांना संधिवात जडतो, आणि ज्याची उपजीविका दिवसभर उभे राहण्यावर आहे अशा माणसाचे काम सुटण्याची पाळी येते.

म्हणून पहिली तपासणी चुंबकाची नव्हे, बोटांची व डोळ्यांची होय. तळव्याच्या मध्यावर काळेनिळे रक्त साकळणे हे फार बोलके लक्षण आहे. साध्या मुरगळीत ते सहसा आढळत नाही. कॅनडातील ऑटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली जे नियम मांडले, त्यांनुसार पावलाच्या मध्यभागी वेदना असून तेथील नौकाकृती हाडावर किंवा पाचव्या लांब हाडाच्या बुडाशी दाबल्यास दुखत असेल, अथवा जखमीला दुखापतीनंतर लगेच व तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर क्ष-किरण चित्र घ्यावे. तथापि हे नियम अस्थिभंग हुडकण्यासाठी आहेत. बंधाच्या शंकेसाठी दुसऱ्या हाडाचे बूडही दाबून पाहिले पाहिजे.

त्यानंतरचे चित्र शक्य तर उभे राहून, दोन्ही पावलांवर भार देऊन काढावे. निरोगी पाऊल हीच उत्तम मोजपट्टी असते. दुखऱ्या बाजूला फट अधिक रुंद असेल, किंवा त्या फटीत हाडाची बारीक कपची दिसत असेल, तर निदान जवळजवळ झालेच. हाडे उघडपणे सरकली असतील तेव्हा एम. आर. आय. ने फारसे काही नवे कळत नाही; शस्त्रक्रियेच्या आखणीस सी. टी. स्कॅन अधिक उपयोगी पडतो. वेदनेमुळे उभे राहवतच नसेल तर पायास आधार देऊन, भार न टाकता, सात ते दहा दिवसांनी हेच चित्र पुन्हा काढता येते.

एम. आर. आय. ची खरी वेळ या दोहोंच्या मधली आहे. लक्षणे बंध तुटल्याची, चित्र मात्र स्वच्छ. किंवा काही आठवडे लोटूनही वेदना हटत नाही. किंवा धावपटूच्या नौकाकृती हाडात ताणामुळे सूक्ष्म भंगाची शंका आहे, जो आरंभी क्ष-किरणांना बहुधा चुकवतो. शक्तिशाली चुंबकाच्या क्षेत्रात शरीरातील पाण्याच्या हायड्रोजन अणुकेंद्रांकडून मिळणाऱ्या संकेतांवरून हे यंत्र चित्र रचते. त्यामुळे तुटलेला बंध आणि हाडाच्या आतील सूज दोन्ही दिसतात. त्यात क्ष-किरण वापरले जात नाहीत. तथापि रुग्ण येथेही निजलेलाच असतो, हे विसरता कामा नये. बंध फाटला आहे हे यंत्र सांगेल. भार पडल्यावर हाडे किती सरकतात, हे उभ्या चित्रातूनच कळेल.

हा भेद रायपुरात विशेष महत्त्वाचा ठरतो. तेथे १९६३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१२ पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे. परंतु खेड्यातून येणाऱ्या शेतकऱ्यास प्रत्येक फेरीत मजुरी व प्रवासखर्च मोजावा लागतो. उभ्या चित्राने उत्तर मिळत असेल तर महागड्या चित्रासाठी दुसरी फेरी कशाला? उलट, उत्तर मिळालेच नसेल तर ती फेरी टाळणे अधिक महाग पडते.

पाऊल ताठ सुजून बधिर वा थंड झाले, वेदना क्षणोक्षणी वाढू लागल्या अथवा कातडी फाटून हाड उघडे पडले, तर मात्र कोणत्याही यंत्राच्या पाळीची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.

मधुमेही व्यक्तीची गोष्ट वेगळी आहे. मज्जातंतू बधिर झाल्याने तिला वेदना जाणवतेच असे नाही; पाऊल केवळ लाल, गरम व सुजलेले दिसते आणि आतली हाडे खचू लागलेली असतात. अशा वेळी पहिले चित्र निर्दोष आले तरी पावलावरील भार तत्काळ काढून घेतात आणि एम. आर. आय. लवकर करवितात. त्यात हाडांतील सूज दिसल्यास ती पूर्ण ओसरेपर्यंत, बहुधा काही महिने, पाऊल प्लास्टरच्या साच्यात ठेवावे लागते.