निसर्गोपचार : स्वीकारायचे काय आणि तपासायचे काय?

मागच्या महिन्यात रविवारच्या वंदनेनंतर वस्तीतल्या एक मावशी भेटल्या. त्यांना कित्येक वर्षांपासून मधुमेह आहे. एका शिबिरात त्यांना सांगितले गेले की गोळ्या म्हणजे विष. पंधरा दिवस फक्त फळांचा रस प्या, रोग मुळापासून जाईल. मावशींनी गोळ्या बंद केल्या आणि रस सुरू केला. साखर इतकी वाढली की चक्कर येऊन त्या पडल्या. मला म्हणाल्या, "बाळा, निसर्गाचं औषध वाईट कसं असेल?"

हा प्रश्न आज आपल्या अनेक घरांत आहे. मोबाईलवर रोज नवा 'नैसर्गिक इलाज' येतो आणि तरुण मुले तोच आई-वडिलांना पाठवतात. म्हणून निसर्गोपचार म्हणजे काय, हे नीट समजून घेऊ.

विचार कुठून आला?

आजच्या स्वरूपातला निसर्गोपचार मुख्यतः १९व्या शतकातल्या युरोपात घडला. सायलेशियातले शेतकरी व्हिन्सेंझ प्रीसनिट्झ आणि बव्हेरियातले धर्मगुरू सेबास्टियन क्नाइप यांनी पाण्याचे उपचार लोकप्रिय केले. लाइपझिगच्या लुई कुन्हे यांनी त्याला सिद्धांत दिला : सर्व रोग एकच आहेत, शरीरात साठलेला विजातीय मळ हेच त्यांचे कारण, आणि तो बाहेर काढला की शरीर स्वतःच बरे होते. कटिस्नान, मातीची पट्टी, वाफस्नान, सूर्यस्नान, एनिमा, उपवास, मालिश आणि साधा आहार ही या पद्धतीची साधने आहेत.

भारतात हा विचार पसरवण्यात गांधीजींचा मोठा वाटा आहे. १९४६ साली पुण्याजवळच्या उरुळी कांचन इथे निसर्गोपचार आश्रम सुरू झाला, तो आजही चालू आहे. पुण्यातच केंद्र सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. 'बीएनवायएस' ही निसर्गोपचार व योगाची पदवी असून तिचा अभ्यासक्रम इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचा आहे. आठवड्याभराचे शिबिर करून 'डॉक्टर' लिहिणारा माणूस आणि ही पदवी घेतलेला माणूस यांत फरक करायला शिकले पाहिजे.

गांधीजींचेच उदाहरण बोलके आहे. निसर्गोपचाराचे एवढे मोठे पुरस्कर्ते, पण जानेवारी १९२४ मध्ये अपेंडिक्सचा त्रास वाढला तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रियाच करावी लागली.

बौद्ध परंपरा काय सांगते?

निसर्गातल्या साध्या उपचारांशी आपले वैर नाही. विनयपिटकातल्या महावग्गात औषधांवर स्वतंत्र प्रकरण आहे. तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे भगवान बुद्धांनी आजारी भिक्खूंसाठी मान्य केली. वाताने पीडित भिक्खूसाठी वाफेचा शेकही मान्य केला. राजा पसेनदी भरपेट जेवून धापा टाकत आला, तेव्हा तथागतांनी त्याला मात्रा ओळखून खाण्याचा उपदेश केला आणि त्याने हळूहळू आहार कमी केला.

पण त्याच महावग्गात जीवकाची कथा आहे. तक्षशिलेत गुरूने त्याला औषधी नसलेली वनस्पती शोधायला पाठवले, तेव्हा तो रिकाम्या हाताने परतला. तोच जीवक पुढे राजगृहाच्या श्रेष्ठीच्या डोक्याची शस्त्रक्रिया करतो. वनस्पती आणि शस्त्र, दोन्ही एकाच वैद्याच्या हातात होते. रोग्याला ज्याची गरज, ते त्याने वापरले.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे संयुत्त निकायातला सीवक परिव्राजकाशी झालेला संवाद. माणसाला होणारे सर्व सुखदुःख पूर्वकर्मामुळेच होते का, असा त्याचा प्रश्न होता. तथागतांनी हे मत नाकारले. पित्त, कफ, वात, तिन्हींचा संयोग, ऋतुबदल, चुकीचे वागणे, बाहेरचा आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे त्यांनी सांगितली. वेदनेची कारणे अनेक असतात, ही ती शिकवण आहे. 'सर्व रोगांचे कारण एकच' हा कुन्हे यांचा दावा या कसोटीवर टिकत नाही. क्षयरोग जंतूमुळे होतो. सिकलसेल आई-वडिलांकडून आलेल्या जनुकांमुळे होतो. पोट साफ केल्याने यांतले काहीच जात नाही.

आपल्याला धोका कुठे?

विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासींमध्ये सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. या रुग्णाच्या शरीरातले पाणी कमी झाले किंवा त्याला थंडी बाधली, तर तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. म्हणजे इतरांना सोसणारा कडक उपवास किंवा थंड पाण्याचे स्नान त्याला थेट दवाखान्यात नेऊ शकते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना उपाशी राहिल्यास साखर धोकादायकरीत्या उतरते. क्षयरोगाचे औषध मध्येच सोडले तर जंतू औषधाला दाद देईनासा होतो.

दुसरी गोष्ट समाजशास्त्राची आहे. 'तुमची जीवनशैली चुकली म्हणून तुम्ही आजारी' हे वाक्य बंगल्यात राहणाऱ्याला आणि गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराला सारखे लागू होत नाही. निसर्गोपचाराचे पहिले औषध पाणी. त्याच पाण्यासाठी आपल्या माणसांना २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांसोबत जावे लागले. स्वच्छ पाणी, मोकळी हवा, ताजी भाजी आणि विश्रांती ज्याला मिळतच नाही, त्याला निसर्गाकडे चला म्हणणे सोपे आहे. त्याच्या वस्तीत नळ आणि सांडपाण्याची सोय आणणे हाही आरोग्याचाच लढा आहे.

मग करायचे काय?

मोजून खाणे, तळलेले व गोड कमी करणे, चालणे, पुरेशी झोप, व्यसनमुक्ती आणि आनापानसती हे सर्वांनी स्वीकारावे. पाचवे शील व्यसनापासून दूर राहायलाच सांगते.

विहारात शिबिर घ्यायचे असेल तर शिकवणाऱ्याची पदवी विचारा. सुरुवातीला रक्तदाब, साखर आणि सिकलसेलची तपासणी ठेवा. 'औषधे बंद करा' म्हणणाऱ्याच्या हाती माईक देऊ नका. चालू औषध कमी करायचे की नाही, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरलाच ठरवू द्या. गर्भवती, लहान मुले, वृद्ध आणि सिकलसेलचे रुग्ण यांना उपवासापासून दूर ठेवा.

मावशी आता पुन्हा गोळ्या घेतात आणि रोज संध्याकाळी विहारापर्यंत चालत येतात. तपासून स्वीकारणे ही आपली परंपरा आहे. ती औषधाच्या बाबतीतही पाळू या.

जय भीम, नमो बुद्धाय.