मुलांचा डोस मुलांमध्येच तपासायला हवा

गंभीर जंतुसंसर्ग झालेल्या तान्ह्या मुलांवर औषधांच्या चाचण्या करू नयेत, असे अनेकांना मनापासून वाटते. मायेपोटी वाटणारी ही गोष्ट मुलांच्या हिताची मात्र नाही. क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक 1949 साली बाजारात आले आणि संसर्ग होऊ नये म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळांनाही दिले जाऊ लागले. काही बाळांचे पोट फुगे, त्यांना उलट्या होत, अंग राखाडी पडे आणि ती दगावत. दोष संसर्गालाच दिला जाई. लॉस एंजेलिसमधील डॉक्टरांनी बाळांचे गट पाडून तुलना केली, तेव्हा 1959 मध्ये खरे कारण उघड झाले. प्रतिजैविक न दिलेल्या गटात सुमारे 19 टक्के बाळे दगावली होती, तर नुसते क्लोरॅम्फेनिकॉल दिलेल्या गटात सुमारे 60 टक्के. बाळांच्या कोवळ्या यकृताला आणि मूत्रपिंडांना ते औषध शरीराबाहेर टाकता येत नव्हते.

म्हणूनच मोठ्यांच्या डोसला वजनाने भागून मुलाचा डोस निघत नाही. नवजात बाळाच्या शरीरात पाण्याचे प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असते. जेंटामायसिन हे प्रतिजैविक त्या पाण्यात पसरून विरळ होते, पण मूत्रपिंडे मंद असल्याने बाहेर पडायलाही वेळ लावते. त्यामुळे दोन डोसांमधले अंतर नीट ठरवावे लागते. डोस जास्त झाला तर ऐकू येण्यावर आणि मूत्रपिंडांवर घाला, कमी पडला तर जंतू तगून राहतात.

आजारी लेकराच्या आईबापांकडून घाईत संमती घेणे न्याय्य आहे का, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर चाचणी टाळणे हे नसून ती नेमकी आखणे हे आहे. जंतू तोच असेल, तर औषध त्याला मारते का हे बऱ्याचदा मोठ्यांवरील अभ्यासातून कळते. मुलांमध्ये मुख्यतः डोस आणि सुरक्षितता तपासायची उरते. नेहमीच्या तपासणीसोबतच घेतलेले रक्ताचे थोडे थेंब, अनेक मुलांचे एकत्र मांडलेले निष्कर्ष, नैतिकता समितीची मंजुरी आणि धोका दिसताच चाचणी थांबवण्याचा अधिकार असलेले स्वतंत्र परीक्षक, एवढी तटबंदी आज उभारता येते. चाचणी टाळली तरी औषध द्यावेच लागते. फरक एवढाच की मग त्या डोसाचे काय झाले याची नोंद कुणी ठेवत नाही आणि पुढच्या बाळाला तोच धोका पत्करावा लागतो. जुन्या, स्वस्त प्रतिजैविकांच्या अशा चाचण्यांवर खर्च करण्यात कंपन्यांना नफा नाही. म्हणून तो सरकारने उचलायला हवा.