जाड पायांचा पूल

लंडनच्या जुन्या दगडी पुलाचा विषय निघाला की त्यावरची घरं, दुकानं आणि वेशीवर टांगलेली राजद्रोह्यांची मुंडकी एवढंच रंगवून सांगितलं जातं. पण या पुलाची खरी गोष्ट पाण्याखालची आहे.

कोलचर्चचा पाद्री पीटर याने ११७६ मध्ये काम सुरू केलं. पूल १२०९ मध्ये पुरा झाला, तोवर पीटर वारला होता. पुलावरच्याच प्रार्थनामंदिरात त्याला पुरलं. टेम्स इथे भरती-ओहोटीची नदी. वाहत्या पाण्यात पाया घालायचा कसा? ओहोटी साधून लाकडी खुंट ठोकायचे, त्यांच्या वेढ्यात दगडगोटे भरायचे आणि त्यावर खांब उभारायचा. खुंट कुजले की नवे खुंट बाहेरच्या बाजूने ठोकायचे. अशा दुरुस्त्यांनी पुलाचे पाय शतकानुशतकं जाड होत गेले. १९ कमानींचा तो पूल अखेर अर्धामुर्धा बंधाराच झाला.

ओहोटीच्या वेळी पाण्याला पात्राच्या पाव हिश्श्याहूनही कमी वाट उरे. वाट अरुंद, म्हणून पाणी मागे तुंबे. पातळीत दीड मीटरचा फरक पडला, तर कमानीखालचा वेग सेकंदाला सुमारे साडेपाच मीटर होतो. अशा धारेतून नाव घालणं म्हणजे जिवाशी खेळ. शहाणे प्रवासी अलीकडेच उतरून पायी पलीकडे जात. याच धारेवर १५८२ पासून पाणचक्क्या चालवून शहराला पाणीपुरवठा होऊ लागला, ही मला त्या काळची सर्वांत हुशार युक्ती वाटते.

वरच्या अंगाला संथ झालेलं पाणी कडक हिवाळ्यात गोठे आणि नदीवर जत्रा भरे. बर्फाने पुलालाही सोडलं नाही: १२८१-८२ च्या हिवाळ्यात त्याच्या रेट्याने पाच कमानी कोसळल्या.

नावांना वाट हवी म्हणून १७५९ मध्ये मधला खांब काढून दोन कमानींची एक मोठी कमान केली. झालं, नदीचा सगळा जोर त्या एका वाटेत लोटला आणि तळ खरवडून निघू लागला. शेजारचे खांब धोक्यात आले. अभियंता जॉन स्मीटनचा सल्ला सरळ होता: मोडलेल्या शहरवेशींचे विकून टाकलेले दगड परत विकत घ्या आणि नदीत ओता. तसंच केलं.

१८३१ मध्ये शेजारी नवा पूल खुला झाला आणि जुना पाडला गेला. लंडनमध्ये टेम्सवर शेवटची बर्फजत्रा भरली ती १८१४ मध्ये. त्यानंतर ती भरली नाही याला हवामान ऊबदार होत गेलं हे कारण आहेच, पण बांध फुटावा तशी मोकळी झालेली नदीही आहे. या मोकळ्या नदीने वरच्या अंगाच्या पुलांचे पाय पोखरले. १८१७ चा देखणा वॉटर्लू पूल त्यातच खचला आणि १९३० च्या दशकात तोही पाडावा लागला.