चंद्राची माती जागेवरच तपासणारं उपकरण

२३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चं विक्रम लँडर चंद्रावर उतरलं आणि गावोगाव पेढे वाटले गेले. पण तिथे पोचून कळलं काय, याची चर्चा फारशी झाली नाही. खरी मौज तर तिथेच आहे.

लँडरमधून उतरलेल्या २६ किलोच्या प्रज्ञान रोव्हरवर दोन उपकरणं होती. त्यातलं एपीएक्सएस (अल्फा कण क्ष-किरण वर्णपटमापक) अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत, म्हणजे पीआरएलमध्ये घडलं. विक्रम साराभाईंनी ही संस्था १९४७ साली काढली. इस्रोची स्थापना त्यानंतर २२ वर्षांनी झाली.

हे उपकरण माती उचलत नाही, तापवतही नाही. त्यात क्युरियम-२४४ हे किरणोत्सारी मूलद्रव्य असतं. रोव्हर थांबला की उपकरण जमिनीजवळ खाली येतं आणि क्युरियममधून निघणारे अल्फा कण आणि क्ष-किरण मातीवर आदळू लागतात. अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडतो, वरचा त्याच्या जागी येतो आणि उरलेली ऊर्जा क्ष-किरणाच्या रूपाने बाहेर पडते. ती प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली असते: लोहाची वेगळी, कॅल्शियमची वेगळी. म्हणून ती मोजली की मातीत काय आणि किती आहे ते कळतं. मात्र घाई चालत नाही. एकेका जागी वीस मिनिटांपासून तीन तासांपर्यंत मोजणी चालली.

२०१९ मध्ये चांद्रयान-२ बरोबर गेलेलं असंच उपकरण लँडरसोबत नष्ट झालं होतं. पीआरएलच्या चमूने पुन्हा तयारी केली, आणि या वेळी प्रज्ञानने १०३ मीटरच्या वाटेवर २३ मोजण्या केल्या. संतोष वडवळे आणि सहकाऱ्यांचा निबंध ऑगस्ट २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. माती जवळपास सगळीकडे सारखी निघाली, मुख्यतः अ‍ॅनॉर्थोसाइट जातीच्या फिकट खडकाची. चंद्र सुरुवातीला वितळलेल्या खडकाचा समुद्र होता आणि दुधावर साय धरावी तशी हलकी खनिजं वर आली, या सिद्धान्ताला आता प्रज्ञान फिरला त्या दक्षिण ध्रुवाकडच्या भागातूनही दुजोरा मिळाला. तिथली माती याआधी कोणी जागेवर तपासली नव्हती.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते मॅग्नेशियम. ते अपेक्षेपेक्षा जास्त सापडलं. दक्षिण ध्रुव-एटकेन हे प्रचंड विवर ज्या आघाताने झालं, त्याने चंद्राच्या खोल थरातला माल वर फेकला असावा, असं संशोधक मांडतात.

चांद्रयान-३ ची निरीक्षणं इस्रोने आपल्या ‘प्रदान’ संकेतस्थळावर खुली केली आहेत. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलांनी, आणि शिकवणाऱ्यांनीही, ती जरूर उघडून बघावीत.