कॅमेरा सांगतो ते

आमच्या गटातल्या एकाचंही पोट फोटोंवर चालत नाही. दातांचे एक डॉक्टर आहेत, बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत, शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई आहेत, आयटीतली तीन-चार मुलं आहेत. थंडी पडली की अंधारातच पुणं सोडायचं, सोलापूर रस्त्यानं भिगवणला जायचं, उजनीच्या फुगवट्यावर होडीत बसून फ्लेमिंगो टिपायचे आणि दुपारी चिलापीचं ताट संपवून परत यायचं, एवढाच आमचा उद्योग. एरवी आठवडाभर फोटोंपेक्षा कॅमेऱ्यांवरच जास्त बोलणं होतं.

मागच्या हिवाळ्यात काकांचा खांदा धरला. एक किलोचा निकॉन डी८५० त्यांनी विकला आणि त्याच कंपनीचा झेड६ सेकंडहँड घेतला. तो बॅटरीसकट पावणेसातशे ग्रॅमच्या आसपास. खांद्याला बरं वाटलं, पण पहिल्याच फेरीत दोन ठिकाणी गाडी अडली. घरी आल्यावर त्यांच्या जुन्या एडिटिंग सॉफ्टवेअरला नव्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइल ओळखताच येईनात. आणि होडीत, जुन्या कॅमेऱ्यात दिवसभर पुरणारी बॅटरी सकाळी दहालाच माना टाकू लागली. काकांचा पहिला निष्कर्ष असा की आपण फसलो. तसं काही नव्हतं, पण ते उलगडायला बरेच रविवार गेले.

हे रविवार डॉक्टरांच्या बंद दवाखान्यात झाले. वेटिंग रूममधल्या टीव्हीला लॅपटॉप जोडायचा आणि बाकांवर दाटीवाटीनं बसायचं. सॉफ्टवेअर निवडलं डार्कटेबल. फुकट आहे हे पहिलं कारण, आणि ते कोणी लपवलं नाही. २००९ पासून हौशी आणि जाणकार प्रोग्रॅमर मिळून ते वाढवताहेत. लिनक्सवर जन्मलं, आता विंडोज आणि मॅकवरही चालतं. फुकट असलं तरी सोपं मात्र नाही. उजव्या बाजूला मॉड्यूलची जी रांग दिसते ती पाहून डॉक्टर म्हणाले, ‘‘माझ्या ट्रेमध्येसुद्धा इतकी हत्यारं नसतात.’’

पहिला धक्का सगळ्यांना एकाच जागी बसतो. डार्कटेबलमध्ये दोन मुख्य खोल्या आहेत: लाइटटेबल, जिथे फोटो मांडून ठेवलेले दिसतात, आणि डार्करूम, जिथे एकेक घेऊन काम करायचं. लाइटटेबलवर काकांचा फ्लेमिंगो झकास दिसत होता. त्यावर दोनदा क्लिक करून डार्करूममध्ये नेला, क्षणभर थांबला आणि फिका पडला. ‘‘अरे, हा माझा फोटो नाही,’’ काका म्हणाले. ‘‘कॅमेऱ्यात मस्त गुलाबी होता.’’

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर रॉ कधीच दिसत नाही. दिसतो तो कॅमेऱ्यानं स्वतःच्या आवडीनं शिजवलेला जेपेग: कॉन्ट्रास्ट वाढवलेला, रंग भडक केलेला, कडा धारदार केलेल्या. हाच जेपेग रॉ फाइलच्या पोटात छोट्या नमुन्यासारखा ठेवलेला असतो आणि लाइटटेबल आधी तोच दाखवतं. डार्करूममध्ये गेल्यावर मूळ आकडे उघडतात. सेन्सरचा एकेक ठिपका लाल, हिरवा किंवा निळा, एकाच रंगाचा उजेड मोजतो; निम्मे ठिपके हिरवे, पाव लाल, पाव निळे. कोडॅकच्या ब्राइस बायर यांना या मांडणीचं पेटंट १९७६ मध्ये मिळालं आणि आजही बहुतेक कॅमेरे तीच वापरतात. १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक ठिपक्याला उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६. पायऱ्या भरपूर असल्या तरी त्यांचं चित्र कसं बांधायचं हे अजून कोणी ठरवलेलं नसतं. म्हणून ते फिकं दिसतं.

गणिताच्या बाईंनी नियम घातला: एका वेळी एकच मॉड्यूल हलवायचं. आधी एक्स्पोजर. आकाशाकडे बघायचं नाही, पक्ष्याचं अंग हवं तेवढं उजळ झालं की थांबायचं. मग सिग्मॉइड किंवा फिल्मिक, म्हणजे सेन्सरनं पकडलेला उजेडाचा मोठा पल्ला पडद्याच्या छोट्या पल्ल्यात बसवणारं मॉड्यूल. मग लेन्स करेक्शन आणि नॉइज. प्रत्येक पायरीवर स्नॅपशॉट घ्यायचा. मग पडद्यावर उभी रेघ येते आणि ती सरकवून आधीचं-नंतरचं शेजारी पाहता येतं. मूळ फाइलला धक्का लागत नाही. केलेला सगळा बदल शेजारच्या एका लहानशा एक्सएमपी फाइलमध्ये मजकूर म्हणून लिहिला जातो. हे कळल्यावर काकांची बोटं मोकळी झाली.

ती जरा जास्तच मोकळी झाली. सॅच्युरेशनचा स्लायडर हातात आला की माणूस कुठे थांबेल सांगता येत नाही. आमच्याकडे येणारा मोठा फ्लेमिंगो मुळात पांढरट. पंखांवर लाल-गुलाबी, पंखांच्या कडा काळ्या, पिल्लं तर करडीच. पण व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोंत ते सगळे बर्फाच्या गोळ्यावर ओतलेल्या गुलाबी सरबतासारखे दिसतात. हे मला खटकतं आणि मी ते बोलून दाखवतो. गटातली निम्मी माणसं माझ्याशी सहमत नाहीत.

खरी शिकवणी झाली ती जळलेल्या पांढऱ्यावर. काकांच्या कॅमेऱ्यात फ्लेमिंगोच्या पाठीचा भाग लुकलुकत होता, म्हणजे तिथे तपशील गेला असा इशारा, म्हणून ते सगळे फोटो त्यांनी टाकाऊ ठरवले होते. डार्कटेबलमध्ये दोन वेगळे इशारे आहेत. एक पडद्यावर दिसणाऱ्या चित्राबद्दल, दुसरा खुद्द रॉ आकड्यांबद्दल. दुसरा चालू केला तर पाठ स्वच्छ. फक्त पाण्यावर चमकलेल्या दोन-चार ठिकाणी सेन्सर भरून वाहिला होता. कॅमेऱ्याचा लुकलुकणारा इशाराही त्या शिजवलेल्या जेपेगवरूनच काढलेला होता. एक्स्पोजर खाली आणलं आणि पिसं परत दिसू लागली. बाई म्हणाल्या, ‘‘म्हणजे स्क्रीनवरचं सगळं अनुमान. मग बॅटरीचे टक्के तरी कशावरून खरे?’’

तिथून चर्चा बॅटरीवर घसरली ती घसरलीच.

गंमत अशी की दोन्ही कॅमेऱ्यांना एकाच घराण्यातली बॅटरी लागते, ईएन-ईएल१५. काकांच्या दोन्ही बॅटऱ्यांवर आकडेही तेच: ७ व्होल्ट, १९०० एमएएच, १४ वॉट-तास. पण कंपनीच्या माहितीत डी८५० एका चार्जवर १८४० फोटो काढतो आणि झेड६ फक्त ३१०. काकांना हाच घोटाळा वाटला होता.

हे आकडे जपानमधल्या कॅमेरा अँड इमेजिंग प्रॉडक्ट्स असोसिएशनच्या, म्हणजे सीपाच्या, ठरीव पद्धतीनं काढलेले असतात. तापमान २३ अंश, दर ३० सेकंदांनी एक फोटो. बाईंनी फळ्यावर मांडलं: ३१० गुणिले ३० सेकंद म्हणजे १५५ मिनिटं. अडीच तासांच्या किंचित वर. म्हणजे झेड६चा आकडा फोटोंचा दिसतो, पण असतो वेळेचा. आरशाच्या डी८५०मध्ये डोळ्याला लावून पाहता तेव्हा काचेतून येणारा उजेडच दिसतो; त्याला वीज लागत नाही. झेड६मध्ये तुम्ही नुसतं बघत असलात तरी सेन्सर, प्रोसेसर आणि व्ह्यूफाइंडरमधला चिमुकला पडदा सगळे जागे असतात. त्यामुळे होडीतल्या ज्या पोरानं थवा उडाल्यावर बर्स्ट मारून हजारावर फोटो काढले त्याचीही बॅटरी शिल्लक होती, आणि काका सूर्योदयापासून घार कधी झेप घेते म्हणून डोळा लावून बसले होते, त्यांची संपली. काकांनी फोटो जेमतेम काढले होते. त्यांची बॅटरी वाट पाहण्यात गेली.

हे एक झालं. पण काकांकडे एक डुप्लिकेट बॅटरीही होती. तिच्यावर मूळ बॅटरीपेक्षा मोठा एमएएच छापलेला. ती तीसेक टक्के दाखवून एकदम बंद पडायची.

मल्टिमीटर लावून बघणं हा सगळ्यांचा पहिला उपाय, आणि त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. आत दोन लिथियम-आयन सेल एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण भरल्यावर प्रत्येकी ४.२, एकूण ८.४ व्होल्ट. म्हातारी बॅटरीसुद्धा चार्जरवरून नुकती काढली की ८.४च दाखवते. मधल्या पट्ट्यात तर व्होल्टेज इतकं सपाट चालतं की त्यावरून किती उरलं हे सांगणं म्हणजे ठोकताळाच. बॅटरीला काम देऊन बघावं लागतं.

बुधवार पेठेत तापकीर गल्लीत जाऊन मुलांनी १० ओहमचा, १० वॉटचा सिमेंटचा रेझिस्टर, मगरीच्या जबड्यासारखे क्लिप आणि एक साधा मल्टिमीटर आणला. बॅटरीची टोकं आत दबलेली असतात, क्लिप बसत नाही; म्हणून बंद पडलेल्या जुन्या चार्जरची पाटी उघडून तिचाच होल्डर केला. ७.२ व्होल्टला १० ओहम म्हणजे ०.७२ अँपिअर. १९०० एमएएचची बॅटरी अडीच तासांहून थोडी जास्त टिकायला हवी. दर दहा मिनिटांनी व्होल्टेज वहीत लिहायचं, ६ व्होल्टला, म्हणजे सेलमागे ३ला, न चुकता तोडायचं. त्याखाली लिथियम सेल खेचला तर तो कायमचा बिघडतो. रेझिस्टर पाच-सहा वॉट जाळतो, हात लावू नये इतका तापतो. म्हणून तो फरशीच्या तुकड्यावर ठेवला आणि कोणी ना कोणी सतत तिथे बसून राहिलं. हे काम खोली सोडून जाण्याचं नाही. उलटसुलट जोडाजोडी करण्याचंही नाही.

वहीतले आकडे बाईंनी आलेख कागदावर चढवले. मूळ बॅटरीची रेघ सुरुवातीला थोडी उतरून मग लांबच लांब सपाट, आणि शेवटी कड्यावरून पडावी तशी खाली. डुप्लिकेटची रेघ पहिल्यापासून खाली आणि कडा निम्म्या वाटेच्या आसपासच. छापील आकडा कुठून आला होता ते छापणाऱ्यालाच माहीत. डॉक्टरांकडची दुसऱ्या एका दुकानातली डुप्लिकेट मात्र मूळ बॅटरीच्या जवळपास चालली. म्हणजे डुप्लिकेट तेवढी वाईट असंही म्हणता येईना, आणि यावर पुढचा अर्धा तास वाद झाला.

काकांचं कोडं मात्र त्या पहिल्या उतारात होतं. प्रत्येक बॅटरीला आतला रोध असतो. तो समजा ०.३ ओहम असेल आणि कॅमेऱ्यानं फोकस करताना क्षणभर २ अँपिअर ओढले, तर ०.६ व्होल्ट आतच खर्च होतात. बॅटरीत चार्ज आहे, पण कॅमेऱ्यापर्यंत पुरेसं व्होल्टेज पोचत नाही आणि तो बंद होतो. थंडीत हा रोध आणखी वाढतो. भिगवणच्या पहाटे पारा दहा-बारा अंशांवर असतो, सीपाच्या खोलीतल्या २३वर नव्हे. म्हणून बंद पडलेली बॅटरी आतल्या खिशात अर्धा तास ठेवली की थोडी जिवंत होते. होडीवाल्यांना हे आमच्याआधी ठाऊक होतं.

निकॉनच्या मेन्यूत बॅटरीची माहिती म्हणून एक पान आहे. चार्जचे टक्के, मागच्या चार्जिंगनंतरचे फोटो आणि बॅटरीचं वय, ० ते ४. शून्य म्हणजे नवी, चार म्हणजे बदला. टक्क्यांपेक्षा मी हे वय जास्त बघतो. तेही थंडीत चार्ज केल्यावर तात्पुरतं म्हातारं दिसू शकतं. खोलीच्या उबेत पुन्हा चार्ज केलं की पूर्ववत होतं. अनेक डुप्लिकेट बॅटऱ्यांबाबत ही माहिती नीट येत नाही, आणि तेही एक उत्तरच आहे.

बाईंचा प्रश्न वेगळा होता. त्या घरच्या समारंभांत फ्लॅश वापरतात आणि पेन्सिल सेल घालतात. दीड व्होल्टचे नवे अल्कलाइन सेल हळू का, आणि १.२ व्होल्टचे रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड चटकन तयार का? उत्तर तेच, आतला रोध. फ्लॅश भरताना मोठा करंट हवा असतो आणि तिथे अल्कलाइन वाकतो. त्यांनी चारचा एक संच करून सेलांवर मार्करनं अक्षरं घातली, कारण चारांत एक दुबळा सेल मिसळला की बाकीचे तिघं त्याला उलटा चार्ज करून मारतात.

पुढच्या फेरीच्या आधी काकांनी डुप्लिकेट बॅटरी ई-कचऱ्यात दिली आणि एक जास्तीची मूळ बॅटरी घेतली. त्यात मुलांपैकी एकानं १०,००० एमएएचची पॉवर बँक पुढे केली. झेड६ चालू असताना यूएसबीवरून चार्ज होत नाही, पण बंद करून लावला तर आतली बॅटरी भरते. होडी एका बेटावरून दुसऱ्याकडे जाईपर्यंत तेवढी फट मिळते.

‘‘दहा हजार भागिले एकोणीसशे, पाच बॅटऱ्या झाल्या की,’’ काका म्हणाले.

‘‘नाही हो,’’ बाई म्हणाल्या. ‘‘तिचे दहा हजार ३.७ व्होल्टचे. ३७ वॉट-तास. तुमची एक बॅटरी १४ची. शिवाय व्होल्टेज चढवताना थोडं वाया जाणार. दोन धरा.’’

‘‘दोनच?’’

‘‘पूर्ण दोन भरतात का तेही मोजावं लागेल. रेझिस्टर आहे ना आपल्याकडे?’’