देठावरचे प्राणी

समुद्र-लिली दिसते वनस्पतीसारखी, पण ती तारामासा आणि समुद्र-अर्चिन यांच्या नात्यातली, कंटकचर्मी संघातला प्राणी. तळाला धरलेला देठ, त्यावर पेला आणि पेल्याभोवती पिसांसारखे बाहू, एवढाच तिचा थाट. देठ कॅल्साइटच्या चकत्या एकावर एक रचून झालेला असतो. प्राणी मेला की चकत्यांना बांधून ठेवणाऱ्या ऊती लवकरच कुजतात आणि सांगाडा विखुरतो. त्यामुळे अखंड जीवाश्म दुर्मीळ, सुट्या चकत्या मात्र रग्गड. त्यांच्या मधोमध भोक असते. इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँड किनाऱ्यावर लोक त्या ओवत आणि ‘सेंट कथबर्टचे मणी’ म्हणत.

सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वी, ऑर्डोव्हिशियन कल्पात, हे प्राणी जीवाश्मांत ठळकपणे दिसू लागतात. ३५ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ, उबदार समुद्रांत तर त्यांचे रान माजले होते. कित्येक ठिकाणी चुनखडीचे थरच्या थर त्यांच्या चकत्यांनी भरलेले आहेत. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या क्रॉफर्ड्सव्हिल येथे गाळाखाली झटपट गाडले गेल्याने ते बाहूंसकट टिकले. २५ कोटी वर्षांपूर्वीच्या पर्मियनअखेरच्या महाविनाशातून जेमतेम काही वंश वाचले. आजच्या सर्व जाती त्यांच्याच वारस.

खाणे-पिणे सारे प्रवाहाच्या भरवशावर. बाहू प्रवाहाकडे मागे वाकवून लिली पंखा पसरते. त्यावरचे चिकट नलिकापाद वाहते अन्नकण टिपतात आणि हे कण बाहूवरच्या खोबणीतून तोंडाकडे सरकतात. तोंड वरच्या बाजूला आणि गुदद्वारही त्याच्या शेजारीच! मात्र ते उंचवट्यावर असल्याने घाण तोंडापासून दूर टाकली जाते.

आज देठाच्या जाती बहुधा १०० मीटरहून खोल पाण्यातच सापडतात. मध्यजीव महाकल्पात उथळ समुद्रात मासे आणि इतर शिकारी वाढले, त्यांनी या प्राण्यांना खोलात रेटले, असे अनेक जीवाश्मतज्ज्ञ मानतात. उथळ पाण्यात उरले ते त्यांचे नातलग पीसतारे. त्यांनाही लहानपणी देठ असतो. मोठेपणी तो सोडून ते मोकळे फिरतात.

देठवालीही अगदीच जागची हलत नाही, असे नव्हे. बहामाजवळच्या खोल समुद्रात टोमाझ बाउमिलर आणि चार्ल्स मेसिंग या संशोधकांना निओक्रायनस ही समुद्र-लिली बाहूंनी तळावर सरपटताना दिसली. तिचा वेग सेकंदाला सुमारे ४ सेंटिमीटर भरला. तिथल्या समुद्र-अर्चिनांच्या आतड्यांत समुद्र-लिलीच्या सांगाड्याचे तुकडेही सापडले आहेत; तेव्हा हे सरपटणे त्यांच्यापासून पळण्यासाठी असावे.